मालूच्या मागं कुणी धरलं नाही

मुरबाडहून फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. मालूच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "बाई, तुमची बहीण उठत नाय. चहा ठेवलाय तसाच हाय." मी चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे मला प्रश्न विचारायची वाईट सवय. डॉक्टर बोलावला का, खिडकी उघडी आहे का, रात्री जेवली होती का... त्या बिचाऱ्या एकेकाचं उत्तर देत राहिल्या आणि मी विचारत राहिले, कारण विचारणं थांबवलं असतं तर खरं काय झालंय ते मला ऐकावं लागलं असतं. शहापूरहून एस.टी.नं मुरबाडला पोचेपर्यंत दुपार झाली. मालू कुशीवर झोपली होती, हात गालाखाली. लहानपणी सापगावच्या घरात आम्ही एका गोधडीत झोपायचो तेव्हाही ती अशीच झोपायची. ती गेली त्याला आता सव्वा महिना झाला.

मालू माझी चुलत बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिची आई, म्हणजे माझी काकू, आमच्या पंचक्रोशीतली धवळारीण, लग्नविधींची गाणी म्हणजे धवळे म्हणणारी. हळद असो की मांडव, काकू आल्याशिवाय लग्न सुरू व्हायचं नाही. धवळ्याची रीत अशी, की धवळारीण ओळ काढून देते आणि बाकीच्या बायका ती मागं धरतात. एकटीनं धवळा म्हणत नाहीत. एखादीनं ओळ काढली आणि कुणीच मागं धरलं नाही, तर त्याचा अर्थ एकच, ही बाई आता आपल्यातली नाही. कुणाशी बोलणं टाकायचं असलं तर बायका भांडत बसत नसत. मांडवात तिच्या ओळीला गप्प राहत. एवढं पुरे व्हायचं.

मालूचा आवाज काकूचाच, पण आणखी वर जाणारा. शहापूरच्या शाळेत एका सिस्टरनं तिला प्रार्थनेत ऐकलं आणि मुंबईला एका गोवेकर बाईंकडे नेऊन घातलं. त्या पियानोवर शिकवायच्या. बायकांच्या आवाजातली सगळ्यात वरची पट्टी, तिला सोप्रानो म्हणतात, हे मला मालूनंच सांगितलं. काकांना वाटलं पोरगी सिनेमात गाणार. मग ती शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेली आणि एका मध्यम गावाच्या ऑपेरात लागली. आधी कोरसमध्ये, मग मोलकरीण, देवळातली पुजारीण, अशी दोन-चार ओळींची कामं. एकदा मुख्य गाणारी आजारी पडली आणि मालू ऐनवेळी उभी राहिली. त्या एका प्रयोगाचं पत्र तिनं मला सोळा पानी लिहिलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आपल्याला वाटत होतं की आई विचारेल, "मागं कोन धरत व्हतं गो?"... असं तिनं त्यात लिहिलं होतं. मी वाचून हसले. शाळेत सगळ्यांना दाखवलं. त्या वाक्यावर थांबायला हवं होतं, एवढं मला तेव्हा कळलं नाही.

पुढे चर्चमधल्या मैफली, मग शिकवण्या. पन्नाशीच्या आत वरचे सूर सुटायला लागले आणि ऑपेरानं तिचा करार वाढवला नाही. याच सुमाराला काकू गेली. मालूला तेव्हा येता आलं नाही. वर्षश्राद्धाला मात्र ती आली आणि दुखवटा फिटल्यावर गावानं तिचा सत्कार करायचा असं ठरलं. ठरवलं म्हणजे मीच. गावकीच्या गळी उतरवलं, देवळाचा सभामंडप मिळवला, शाल-नारळ आणला. आठ दिवस आधी मालूनं मला विचारलं, "जुन्या बायका येतील ना गो सगळ्या? चंद्राकाकी? तेवढं तू बघ." मी म्हटलं, बघते.

मी बघितलं ते असं. मालूनं कधीतरी सांगितलं होतं की तिकडे गाणं चालू असताना कुणी हूं की चूं करत नाही, तुकडा संपेपर्यंत टाळीसुद्धा वाजवत नाहीत. मला वाटलं, आपल्या लोकांनी तिची शोभा करू नये. मी बायकांना ओळीनं बसवलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, की ती गाईल तेव्हा तोंडावर बोट. काही झालं तरी मधे आवाज काढायचा नाही. बायका भाबड्या, त्यांनी खरोखरच ओठांवर बोट ठेवलं. मला त्याचं कौतुक वाटलं. माझ्या हातात सत्ता आली की मी अशी होते.

मालूनं माइक बाजूला सारला. सगळ्यांना वाटलं आता ते परदेशी गाणं. तिनं डोळे मिटले आणि काकूचा धवळा काढला, मांडवात उंबराची मेढ रोवताना म्हणतात तो. एक ओळ म्हणून ती थांबली. मंडपात चिटपाखरू हललं नाही. तिनं डोळे उघडले, बायकांकडे बघितलं, दुसरी ओळ काढली, पुन्हा थांबली. समोर सगळ्याजणी तोंडावर बोट ठेवून बसलेल्या. मी भिंतीशी उभी होते आणि मला कळलं. खोटं कशाला सांगू, तिथेच कळलं. मी नुसता हात वर केला असता तरी पुरलं असतं. पण पाव्हण्यांसमोर आपली चूक दिसेल, या विचारानं माझा हात उचलला नाही. तिसरी ओळ मालूनं अर्ध्यात सोडली, हात जोडले आणि खाली बसली. टाळ्या मात्र खूप झाल्या.

जेवताना चंद्राकाकी माझ्या कानाशी आली. "मला येत व्हता गो पुढचा. आमाला सगल्यांना येतो. तूच बोल्लीस गप बसा, मंग आमी गप." मी तिला म्हटलं, आता हे मालूला सांगत बसू नकोस, उगाच वाईट वाटेल. कुणाला वाईट वाटेल ते मी सांगितलं नाही. संध्याकाळी आसनगावला गाडीत बसवताना मालू म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं, शकू. आईला पोचवायला आले नाही मी. माझ्या मागं कशाला धरतील?" मी म्हटलं, तसं काही नसतं गं, नीट जा.

चार वर्षांपूर्वी ती कायमची परत आली, पण सापगावात नाही. मुरबाडला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शहापूरला का नाही, म्हणून मी हट्ट केला, तर म्हणाली, इथून सिद्धगड दिसतो. दम्यानं तिला बोलायलाही धाप लागायची. मी महिन्यातून एकदा जायची, सुकट नाहीतर तांदळाचं पीठ घेऊन, आणि प्रत्येक वेळी बसमध्ये मनाशी म्हणायची की आज सांगायचं. पोचलं की तिची खोली, तिची औषधं, तिचं हसणं... दिवस निघून जायचा. चंद्राकाकी गेली, तेही मी तिला फार साधं करून सांगितलं. शेवटच्या भेटीत तिनंच विचारलं, "शकू, तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, नाय गो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "चहा टाक."

तेराव्यानंतर घरमालकीणबाईंनी मला तिची पिशवी दिली. तीत एक लांबट वही होती, पाच-पाच रेघांची, ऑपेरावाले सूर लिहितात तशी. ते ठिपके मला वाचता येत नाहीत, पण खाली देवनागरीत शब्द होते. काकूचा धवळा. एक ओळ ठिपक्यांनी भरलेली, मग एक ओळ पूर्ण कोरी, आणि तिच्या कडेला लिहिलेलं, 'बायका'. अशी अकरा कडवी. कोऱ्या ओळींत तिनं एकही सूर लिहिला नव्हता, कारण तो आम्हाला पाठ आहे हे तिला ठाऊक होतं. पहिल्या पानावर बायकांची सहा नावं होती. माझं सगळ्यांत वर, मग चंद्राकाकीचं. एकही नाव खोडलेलं नव्हतं. खोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या सहांतली आता मी एकटी उरले आहे. दुपारी घरात कुणी नसलं की वही उघडून बसते आणि तोंडातून काही फुटत नाही. धवळा काढून देणं मला कधीच आलं नाही. मला नुसतं मागं धरता येत होतं.