‘मी घुसलो’ असं लिहा

परबसाहेबांना कुणी माफी मागितलेली आवडत नसे. साकीनाक्याच्या आमच्या छोट्या कारखान्यात पंपांचे पितळी व्हॉल्व्ह बनत, आणि ते तपासून पास-नापास ठरवण्याचं काम परबसाहेबांचं. कुणाच्या हातून माल बिघडला आणि तो ‘सॉरी साहेब’ म्हणाला, की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, “सॉरी रवांदे. चूक खंय झाली ती दाखव.” दाखवेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. त्यामुळे त्यांना ‘रिजेक्ट परब’ असं नाव पडलं. ते त्यांना माहीत होतं. आपण नापास करतो त्या मानाने नाव जरा मोठं आहे, एवढीच त्यांची तक्रार होती.

मी त्यांच्या हाताखाली तपासणीलाच होतो. दोघंही घाटकोपरला राहायचो, म्हणून रोज सकाळी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचो. ते इतक्या बेताने चालवत की असल्फ्याच्या चढावर ओळखीचा भाजीवाला हातगाडी ढकलता ढकलता आमच्याशी गप्पा मारायचा. हॉर्न ते वाजवत नसत. हॉर्नने माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस काय करेल याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पेट्रोल भरायला साहेबांनी गाडी डावीकडे घेतली. तिथे कडेला, आमच्याकडे तोंड करून, एक रिक्षा उभी होती. मला ती चांगली दिसत होती. त्यांनाही दिसत असेल असं धरून मी गप्प बसलो, आणि आम्ही शांतपणे रिक्षावर जाऊन आदळलो. रिक्षाचा पुढचा दिवा फुटला, पत्रा आत गेला. आमचा लेगगार्ड वाकला, साहेबांचं कोपर खरचटलं आणि माझा डबा गटारात गेला.

दोन मिनिटांत वीसेक माणसं जमली आणि त्यांनी रिक्षावाल्याची कॉलर धरली. रामसमुझ त्याचं नाव. वयाने आमच्या साहेबांएवढाच.

“साहब, मैं तो खडा था,” तो म्हणत होता.

“खडा क्यों था?” असं विचारून एकाने त्याला थोबाडीत दिली.

मी खाली बघून पँट झटकत होतो. परबसाहेब उठले, गर्दीतून वाट काढत गेले आणि रिक्षावाल्याच्या कॉलरवरचा हात बाजूला केला. “सोडा त्याला. मी घुसलो.”

गर्दीची निराशा झाली. “साहेबांना शॉक बसलाय, पाणी द्या,” कुणीतरी म्हणालं. ते पाणी प्याले आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

तोवर हवालदार आला. त्याने वहीत लिहायला घेतलं की रिक्षा भरधाव आली. साहेबांनी वही मागून घेतली आणि वाचली.

“हे असं झालं नाही. ‘मी घुसलो’ असं लिहा.”

“तुमच्याच फायद्याचं लिहितोय, साहेब. तुमचं लायसन कशाला अडकवता?”

“त्याच्या लायसनवर त्याचं घर चालतं. झालं ते लिहा.”

हवालदार वैतागला. “बरं, मग उभी रिक्षा तुम्हाला दिसली कशी नाही?”

 साहेबांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि नुसत्या डाव्याने रस्त्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “माका ती दिसूकच नाय.”

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेलेली, समोरचं अजून दिसत होतं. गाडी बंद. कारखान्याचे शेठ म्हणाले, “समोरचं दिसतं ना? व्हॉल्व्ह काय बाजूने थोडीच बघायचाय? कुणाला बोलू नका.” परबसाहेबांनी दुपारपर्यंत सगळ्यांना सांगितलं, आणि गोदामात पडलेला चार महिन्यांचा माल परत तपासायला काढला. निवृत्तीला दोन वर्षं होती. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता.

पुन्हा तपासायला बाहेरचा माणूस आणला. आठवडाभराने त्याने अकरा नग बाजूला काढले, प्रत्येकाला केसासारखा बारीक तडा. पेटीवर पास करणाऱ्याची सही असे. साहेबांनी मला टेबलापाशी बोलावलं. तीन नगांच्या पेट्यांवर त्यांची सही होती. बाकीच्यांवर माझी. आठ नग माझे.

“साहेब, सॉ...” म्हणता म्हणता मी थांबलो. मग एकेक नग उचलून तडा कुठे आहे ते दाखवत गेलो. 

“डोळे माझे गेले, तुझे नाय,” ते म्हणाले. “माका दिसला असतला, असा धरून चालू नको. तू बघ.”

रिक्षा मला दिसली होती हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि डबा उघडला. अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

महिन्याभरात त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. कुडाळकडच्या गावी भाऊ होता, तिकडे जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी शेठनी नारळ आणि शाल दिली; साहेबांनी शालीची शिवण उलटून पाहिली आणि ती खांद्यावर घेतली. बाहेर रामसमुझ रिक्षा घेऊन थांबला होता. अपघातानंतर रोज तोच त्यांना आणत-नेत असे. साहेब मागे बसले, मला “येतंय” म्हणाले. रिक्षा रस्त्याला लागताना डावीकडून एक सायकलवाला एकदम आडवा आला. साहेब समोर बघत बसले होते. रामसमुझने ब्रेक मारला, सायकल जाऊ दिली आणि मग रिक्षा पुढे काढली.