रीसेटचं बटण

ऑफिसात तिला सगळे सोपीताई म्हणत. नाव काही कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. कंपनी आभासी राउटर बनवायची. म्हणजे हातात धरता येईल असा डबा नाही, कॉम्प्युटरच्या आतच चालणारा राउटर. त्याच्या सेटिंगच्या पानावर एकसष्ट पर्याय होते. ते चारचौघांना कळतील असे करणं हे तिचं काम.

चाचणीसाठी तिने एका दवाखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या काकांना बोलावलं. पन्नाशी उलटलेले, बघून बघून शिकलेले. दोन दिवस शेजारी बसून ते कुठे अडखळतात ते ती टिपत राहिली. रीसेटच्या बटणापाशी काका थबकले.

"यानं नुसतं बंद होऊन चालू होतं, की सगळं पुसलं जातं?"

"पुसलं जातं."

"मग तसं लिहा की, मॅडम."

तिने नव्या पानाच्या आराखड्यात तसं लिहिलं. रोज लागणारे बारा पर्याय पुढे ठेवले, बाकीचे आत घेतले. चुकलंच तर मागे जायची सोय केली. मुख्य इंजिनियरने आराखडा वरवर चाळला. "ज्याला हे कळत नाही त्यानं हात लावूच नये," तो म्हणाला. पुढच्या आवृत्तीत बघू, अशी तिची बोळवण झाली. पुढच्या दोन आवृत्त्या आल्या नि गेल्या, पान होतं तसंच.

तिसऱ्या वर्षी दवाखान्याची तक्रार आली. अडकलेलं नेटवर्क चालू करायला काकांनी भर दुपारी रीसेट दाबलं होतं. सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या, संध्याकाळपर्यंत एकही रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोचला नाही. कंपनीने कळवलं, वापरणाऱ्याची चूक. दवाखान्याने काकांना घरी बसवलं.

तिने धीर करून फोन लावला.

"काका, ते बटण आम्ही बदलायला हवं होतं."

"छे हो मॅडम, चूक माझीच. तुम्ही नीट सांगितलं होतंत. घाईत विसरलो."

"आता काय करता?"

"काय करणार? बसून असतो. या वयात कोण घेतंय."

ती आराखड्याची जुनी फाईल घेऊन पुन्हा मुख्य इंजिनियरकडे गेली. तो चिडला नाही, उलट समजुतीने म्हणाला, "एका माणसापायी पान बदलायचं का?"

घरी नवऱ्याने विचारलं, "सोडतेस का नोकरी?"

"सोडून जाऊ कुठे? सगळीकडे हेच."

त्यानंतर चाचणीला तिने कोणालाच बोलावलं नाही. का बोलावत नाहीस, असं कुणी विचारलंही नाही.