कस्तुरीने पसंत केलेला सायलेन्सर

भुजंगरावांची उभी हयात म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात सायलेन्सर जोडण्यात गेली. बसचे, टेम्पोचे, रिक्षाचे. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की जोड कुठे फुटलाय ते त्यांना आवाजावरून कळे. काम सुटलं तेव्हा हातांवर भाजल्याचे डाग उरले आणि एक गाडी उरली. साठच्या दशकातली अमेरिकन, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. एक कॉफीमळेवाला परदेशी जाताना ती त्यांना देऊन गेला होता.

गाडी मोहल्ल्याच्या गल्लीत वळेना. म्हणून ती जवळच्या वरुणा गावात, थोरल्या बहिणीच्या, सरस्वतीआक्काच्या गोठ्यात उभी राहिली. शेजारी कस्तुरी म्हैस.

गणपती उठले आणि गाडीचा ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारी नळी, तडकला. इंजिन सुरू करताच गोठ्यात दगडफेक झाल्यासारखा आवाज झाला. कस्तुरीने त्या संध्याकाळी पान्हा चोरला. सरस्वतीआक्का रिकामी चरवी घेऊन दारात आली.

"भुजंगा, दसऱ्यापर्यंत माझी म्हैस नीट दूध देऊ लागली तर ठीक. नाहीतर हे धूड बाहेर. पावसात गंजू दे."

"आक्का, मी दुसरीकडे कुठे ठेवू?"

"ते मी का सांगू? म्हैस कुठे ठेवू, असं मी तुला विचारलं का?"

आता मॅनिफोल्डच्या जागी हेडर घालायचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी. आखूड की लांब, एवढाच प्रश्न. भुजंगरावांचा बालमित्र नरसिंह जन्मभर बस चालवून थकला होता, पण सल्ले द्यायला थकला नव्हता.

"लांबच घाल. इंजिन मोकळा श्वास घेतं. आणि सायलेन्सर नकोच. इथे चावी फिरवली की चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांवर कळलं पाहिजे!"

"आणि कस्तुरीला?"

"तिच्या कानात कापूस घाल की रे."

आखूड हेडर बसवायला सोपा. लांब हेडरला स्टिअरिंगचा खोका आडवा येतो, शिवाय तो खाली लोंबतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला घासतो. सोपं म्हणून काम पत्करायची भुजंगरावांना सवय नव्हती. अवघड म्हणून मिरवायचीही नव्हती. त्यांनी ठरवलं, दोन्ही करून बघायचे. निकाल म्हैस देईल.

त्यासाठी पद्धत घातली. चाचणी रोज संध्याकाळी, धारेच्या वेळीच. जनावर बुजू नये म्हणून आधी पेंडीची बादली तिच्यापुढे, मग इंजिन, मग धार. क्रम बदलायचा नाही.

आधी आखूड हेडर, मागे नुसती सरळ नळी. कस्तुरीने एकच लाथ घातली. चरवी उकिरड्यावर, आक्का शेणात.

"अय्यो, साकु!" आक्का ओरडली. "पुरे झालं! मी म्हातारी झाले, भुजंगा, तोफखान्यात नव्हते रे!"

"मराठी फौजेबरोबर इकडे आलेले आपले पूर्वज होते की," नरसिंह म्हणाला. मग तो दोन दिवस त्या घराकडे फिरकला नाही.

मग लांब हेडर. नळी वाकवताना चेपू नये म्हणून आत कोरडी वाळू ठोकून भरायची, तापवायची, सावकाश वाकवायची. घाई केली की नळीला सुरकुती पडते, आणि सुरकुती म्हणजे काम फुकट. नरसिंहाने तलकाडच्या बाजूची बारीक वाळू आणली. काम झाल्यावर ती काढायचं कामही त्यानेच अंगावर घेतलं.

"सगळी काढलीस?"

"सुम्ने विचारतोस, उगाच. विश्वास नाही?"

चावी फिरली. उरलेली वाळू फर्रकन बाहेर आली ती थेट खाटेवर वाळत घातलेल्या आक्काच्या पापडांवर.

"तलकाडला वाळूत देवळं गाडली गेली, इथे माझे पापड!" आक्का म्हणाली. कस्तुरी मात्र बुजली नाही. आवाज तिला खाली, खोलातून येताना ऐकू आला असावा. तिने एक कान हलवला.

तो कान भुजंगरावांनी पाहिला. मग दोन्ही बाजूंच्या नळ्या मध्ये आडव्या नळीने जोडल्या, मागे आत कप्पे असलेले दोन मोठे सायलेन्सर लावले. आवाज असा खाली बसला की पोटात घुमला, कानाला टोचला नाही. कस्तुरीने डोळे मिटले आणि चरवी भरली. रोज भरू लागली.

दसऱ्याला आक्काने स्वतः गाडीला झेंडूची माळ घातली. "राहू दे तुझं धूड."

जन्मात पहिल्यांदा भुजंगराव ती गाडी घेऊन म्हैसूरच्या रोषणाईत निघाले. शेजारी नरसिंह, फेटा बांधून. चौकात लोक वळून बघत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"भुजंगा, कुठे आहेस?"

"रोषणाईत, आक्का."

"पेंड घातली, गोंजारलं, गाणं म्हटलं. म्हैस दूध देईना! कान टवकारून तुझ्या गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघतेय."

नरसिंह हसून हसून फेट्यासकट खाली घसरला. भुजंगरावांनी गाडी वळवली.

तेव्हापासून रोज दोन्ही वेळच्या धारेला भुजंगराव गोठ्यात हजर असतात. आक्का चरवी गुडघ्यांत धरून बसते.

"स्वल्प रेस दे रे. थोडीशीच. डावीकडचा एक सिलिंडर आज अडतोय, कस्तुरीला कळतंय."

खरंच अडत असतो. भुजंगराव पाय अजिबात न हलवता पेडल धरून बसतात. पाय हलला तर धार तुटते.