निळ्या बोटांचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांची बोटं कायम निळी असत. साखर पेठेतल्या रंगाऱ्यांकडून ते सुती कापडाचा निळा रंग आणत आणि दवाखान्यामागच्या खोलीत सशांना टोचत. रंगारी थट्टेनं म्हणत, “डॉक्टर, आता आमच्यातच या की कामाला.” ते म्हणत, “येतो की. आधी ससा तर पुरता रंगू दे.”

प्रश्न विचारला की ते उत्तराची वाट पाहत. मी इंग्रजी शाळेत जाणारी, घुमी मुलगी. बाकीचे लोक माझ्याबद्दलही आईलाच विचारत. डॉक्टर माझ्या तळहातावर खडीसाखर ठेवत आणि गप्प बसून राहत.

चौदाव्या वर्षी मला कावीळ झाली. डोळे, नखं, सगळं पिवळं. शेजारच्या काकू आईला हळूच म्हणाल्या, डोक्यात चढली तर पोर भ्रमिष्ट होते. मी ते ऐकलं. त्या दिवसापासून पांघरुणात मी एकोणिसाचा पाढा म्हणू लागले. एखादा आकडा अडला की वाटे, पिवळं पोचलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

नाडी पाहताना डॉक्टरांची नजर माझ्या ओठांवर होती. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते दोन बरण्या घेऊन आले. एकीत सशाचं यकृत, निळंशार. दुसरीत त्याच सशाचा मेंदू, पांढरा.

“रंग रक्तातनं सगळीकडं गेला. इथं मात्र अडला,” ते म्हणाले. “रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पहारा असतो, पोरी. रक्तात रोज काहीबाही येतं. कधी मेजवानी, कधी उपास, कधी माझी औषधं. आत मात्र सगळं एकसारखं राहावं लागतं, नाहीतर मेंदूनं काम कधी करायचं? कधीकधी पहारा हरतो, खोटं नाही सांगत. तुझा जागा आहे.”

“मग आत काहीच जात नाही?” मी त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न.

“जातं की. साखर जाते, हवा जाते. लागतं ते घेतो. पहारा आहे तो, तुरुंग नव्हे.”

महिन्याभरात मी बरी झाले. ही बोलतच नाही, असं आईनं गाऱ्हाणं केलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तिला लागतं ते ती आत घेते, वहिनी.”

पुढं वयामुळं त्यांचे हात थरथरू लागल्यावर दवाखाना बंद करून ते मुलाकडे कायमचे निघाले. स्टेशनवर रंगाऱ्यांनी हार आणले होते. मी सगळ्यांच्या मागे उभी. घरून जुळवून आणलेली वाक्यं एकेक करून निसटली होती. गाडीची शिट्टी झाली, तशी त्यांनी खिडकीतून गर्दीवरून माझ्याकडे पाहिलं.

“एकोणीस सत्ते?”

पाढा कोणता, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

“एकशे तेहेतीस,” मी सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले.

त्यांनी निळं बोट स्वतःच्या कपाळाला टेकवलं, आणि गाडी हलली.