माझी देखरेख कमी पडली

जपानातल्या कानाझावाच्या कुझुमी साहेबांची ख्याती एकच: हातात घेतलेलं काम ठरल्या तारखेला पुरं. सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून हयात गेली, तारीख चुकली नाही. गिऱ्हाइकाच्या माणसांत बसून त्यांना नेमकं काय हवंय ते काढून आणायचं काम बिझनेस ॲनालिस्टचं. त्यांच्या हाताखाली ते ओरिहारा करायची. पोरगी चिवट, उत्तर मिळेपर्यंत उठायची नाही.

यंदाचं गिऱ्हाईक म्हणजे गरम झऱ्यांवरच्या हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरवणारी धुलाई कंपनी. नव्या सॉफ्टवेअरमध्ये दुपारनंतर मागणी बदलता येणार नव्हती. बैठकीत गोदामप्रमुख मुरोई दातांतून हवा ओढत म्हणाले, "हं... जरा अवघड आहे." सगळे वाकून नमस्कार करून उठले.

जिन्यात ओरिहारा म्हणाली, "साहेब, तो नकार होता. मला एक दिवस गोदामात बसू द्या."

"एक दिवस आणू कुठून? विचारून झालंय. मान्य आहे, असं लिही."

तिनं लिहिलं. न लिहून सांगते कुणाला? आणि जपानात जन्म काढलेल्या माणसाला 'जरा अवघड' म्हणजे काय, हे कळत नाही होय? कुझुमींना चांगलं कळलं होतं.

सॉफ्टवेअर ठरल्या तारखेला सुरू झालं. सुट्ट्या लागल्या आणि पहिल्याच सकाळी बोंब झाली. आदल्या संध्याकाळी वाढलेले पाहुणे सॉफ्टवेअरनं धरलेच नव्हते. हॉटेलांत अंथरायला चादरी नाहीत, आणि सगळ्या मालकिणी मुरोईंना फोनवर फैलावर घेताहेत.

दोघं काळे सूट घालून, भारी मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला निघाले. खरं काय ते सांगून टाकायचं, असं कुझुमींनी गाडीत ठरवलं होतं.

मुरोईंनी डब्याकडे पाहिलंही नाही. "आमच्या माणसांना विचारायचं काम कुणाचं होतं?"

कुझुमी कमरेत वाकले, आणि तोंडातून आलं ते अशा वेळी इथला प्रत्येक साहेब म्हणतो तेच. "माझी देखरेख कमी पडली." काय नम्र वाक्य! अर्थ एवढाच, की चुकली ती, मी फक्त लक्ष ठेवलं नाही. शेजारी ओरिहारा त्यांच्याहूनही खाली वाकली.

"बाईंना या कामातून काढा," मुरोई म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "तुम्ही मात्र हाताखालच्या माणसासाठी वाकलात. असे साहेब राहिलेत कुठे आता."

बोलायची वेळ हीच होती. एक वाक्य पुरलं असतं, तिचं काम राहिलं असतं. लाजेनं कुझुमींची कानशिलं तापली. तरी ते वाकलेलेच राहिले, कारण वर पाहिलं तर ती दिसली असती.

स्टेशनवर ते म्हणाले, "भूक लागली असेल. गरम सोबा नूडल्स खाऊ या?"

"नको, साहेब." मग रीतीप्रमाणे ती त्यांच्यासमोर वाकली. "माझ्यामुळे तुम्हाला मान खाली घालावी लागली. माफ करा."

टोमणा आहे का, हे त्यांनी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. असता तर बरं वाटलं असतं. नव्हता.

"असू दे," कुझुमी म्हणाले, आणि स्वतःचाच तो आवाज ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.