अडलेला कौल

माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी सासरच्या माणसांपासून एक गोष्ट लपवत होते. देवासमोर हात जोडतानाही ती मी मनाच्या तळाशी दाबून ठेवत असे. मनाच्या आजारावरची गोळी मी घेत होते आणि मुलीला अंगावर पाजत होते. हे वाक्य आज सरळ लिहिता येते. तेव्हा ते मनात आले तरी कानशिले तापायची.

बाळंत झाल्यावर काही दिवस रडू येते, असे सगळ्यांनी सांगितले होते. माझे रडू थांबले नाही. पुढे तर रडूही येईनासे झाले. मुलगी कुशीत असायची आणि तिच्याकडे पाहून मला काहीच वाटायचे नाही. हे मी पहिल्यांदा रत्नागिरीत बोलले, बाळंतपणानंतरच्या तपासणीला डॉक्टरांच्या खोलीत एकटी गेले तेव्हा, तेही टेबलाकडे पाहत. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. त्यांनी दिलेल्या गोळीचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो, तेव्हा पाजणे थांबवायचे नाही. मुलीची झोप, तिचे पिणे आणि वजन यांवर लक्ष ठेवायचे आणि न विचारता गोळी बंद करायची नाही. नवरा मुंबईला नोकरीला. त्याने फोनवर सांगितले, गोळी घे, पण आईला काही बोलू नकोस, ती घाबरेल. मला तेच हवे होते. मी गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवल्या.

माझी आई पूर्वीच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासरी, देवरूखच्या वरच्या अंगाला असलेल्या गावात झाले. सासूबाईंनी काही कमी केले नाही. तेल, शेक, धुरी, आळिवाची खीर, सगळे वेळेवर. त्यांचे नियमही तितकेच पक्के होते. वांगे खायचे नाही, पोरीच्या अंगावर पुरळ उठेल. हरभऱ्याची डाळ नको, तिचे पोट दुखेल. गार पाणी नको, तिला सर्दी होईल. माझ्या तोंडात गेलेला प्रत्येक घास त्या घरात मुलीच्या तोंडात गेलेला धरला जाई. मी एका दैनिकात काम करणारी, आधार नसलेली वाक्ये खोडणे हे माझे रोजचे काम. पण स्वयंपाकघरातली ती वाक्ये मला खोडता आली नाहीत. ती आत मुरत गेली. वांगे जर एवढे करते, तर मनावर चालणारी गोळी लेकराचे काय करत असेल?

एका दुपारी मुलगी नेहमीपेक्षा जास्त वेळ झोपली. मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसले. श्वास व्यवस्थित चालू होता. ती उठली, पोटभर प्यायली, हसलीही. तरी त्या दिवसापासून मी गोळी बंद केली. डॉक्टरांना फोन केला नाही. विचारले असते तर त्या नाही म्हणाल्या असत्या, आणि मला तर माझे दूध स्वच्छ करायचे होते.

नंतर जे झाले ते थोडक्यात सांगते. चक्कर यायची, घाम फुटायचा, मान वळवली की डोक्यात झटका बसल्यासारखे व्हायचे. मग जुना अंधार परत आला, आणि पहिल्यापेक्षा दाट. मी विहिरीवर जायचे टाळू लागले. पाठ दुखते असे सांगितले. सासूबाई म्हणाल्या की चार पोरे झाली तरी त्यांनी कधी कळशी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. त्यांना माझी भीती कळण्याचे कारण नव्हते. माझ्या घशाखाली अन्न उतरत नव्हते, दूध कमी झाले आणि मुलगी रडू लागली. सासूबाईंनी दृष्ट काढली. तरीही रडणे थांबेना, तेव्हा त्यांनी ठरवले की देवीला कौल लावायचा.

आमच्याकडे अडल्या वेळी गावच्या देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो आणि तुमचे गाऱ्हाणे मोठ्याने देवीला सांगतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी तोवर कधी कौल लावला नव्हता. खरे सांगायचे तर अशा गोष्टींवर ऑफिसात चहा पिताना मी हसले होते. त्या सकाळी मात्र मुलीला पदराखाली घेऊन मुकाट्याने निघाले. नाही म्हणायचे तर कारण द्यावे लागले असते.

देवळात आमच्या मागे पाचसहा माणसे आपापले प्रश्न घेऊन बसली होती. त्यांत एक साठीची बाई होती, राजापूरकडच्या नाटे गावाहून आलेली. तिने मुलीकडे पाहून तोंडाने चुक् चुक् केले आणि सरकून मला जागा दिली. सासूबाईंनी गुरवाला प्रश्न सांगितला: सुनेला आणि नातीला बाहेरची काही बाधा आहे का? गुरवाने गाऱ्हाणे घातले. सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. मग आम्ही कळ्यांकडे पाहत बसलो.

एकही कळी हलली नाही. गुरवाने कळ्या काढून पुन्हा लावल्या, पुन्हा गाऱ्हाणे घातले. तरी काही नाही. देवळात एवढी शांतता होती की बाहेर कोणीतरी झाडत होते ते ऐकू येत होते. गुरव मागे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"कौल अडलाय. प्रश्न सरळ पडलेला नाय. कायतरी आडपडदा हाय. असेल ता देवीसमोर बोला, नायतर दुसऱ्याला बसू दे."

कळ्या त्या दिवशी जास्त ओल्या होत्या, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे की सासूबाई गोंधळून आजूबाजूला पाहू लागल्या, आपल्याकडून काय राहिले ते आठवू लागल्या, सोवळ्यात चूक झाली का ते पुटपुटू लागल्या. माझ्या खोट्याचा दोष ती बाई स्वतःकडे घेत होती. ते मला पाहवले नाही.

"आई, मी मनाच्या आजाराची गोळी घेत होते," मी म्हणाले. "दुधातून पोरीला जाईल म्हणून बंद केली. आता मला विहिरीजवळ जायची भीती वाटते."

मागे बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकले. मला जमिनीत जावेसे वाटले. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टरीण काय बोलली होती?"

"बंद करू नको म्हणाल्या होत्या. पाजत राहा म्हणाल्या."

"मग?"

"तुम्ही वांगंसुद्धा देत नव्हतात."

मागे कोणीतरी हसू दाबले. सासूबाई हसल्या नाहीत. "वांग्याचं नि औषधाचं एक केलंस होय गो? आणि म्हणे पेपरात लोकांच्या चुका काढतेस." एवढे बोलून त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतले आणि दुसऱ्या हाताने माझे मनगट धरले. ते त्यांनी नंतर बराच वेळ सोडले नाही. गुरवाला त्या म्हणाल्या, "दादा, कळ्या काढा. आता देवीला विचारायचं काय नाय. हात ठेव म्हणून सांगा."

गुरवाने नवे गाऱ्हाणे घातले. ह्या लेकीला मनाचा आजार झाला हाय, डॉक्टरचं औषध घेतेय, तिच्या औषधाला यश दे, तिच्या दुधाला बरकत दे. जे मी नवऱ्याशीसुद्धा हळू आवाजात बोलत असे, ते देवळाच्या छपरापर्यंत गेले. आणि माझ्यामागची अनोळखी माणसे एका आवाजात म्हणाली, "व्हय महाराजा." मी मान वर केली नाही. पण त्या आवाजात मला हिणवणारे काही सापडले नाही. मी शोधले होते.

त्याच दिवशी रत्नागिरीला जायचे ठरले, पण डॉक्टरीणबाई दुपारपर्यंतच बसत आणि गावातून एसटी संध्याकाळशिवाय नव्हती. सासूबाई गाडीसाठी कोणाला फोन करावा याचा विचार करत होत्या, तेवढ्यात नाट्याची ती बाई उठली. तिचा पुतण्या तिला आपल्या गाडीतून घेऊन आला होता. आमच्यानंतर तिचाच नंबर होता. सासूबाईंनी तिला आधी कौल लावून घ्यायला सांगितले. ती म्हणाली, "माझा प्रश्न जुना हाय, तो थांबेल. हिचं थांबायचं नाय." आणि चपला घालून बाहेर गेली.

वाटेत तिने मुलीचे नाव विचारले. घाट उतरल्यावर, खिडकीबाहेर पाहत, एवढेच म्हणाली की त्यांच्या गावात एक बाळंतीण अशीच झाली होती, तिला अंधाऱ्या खोलीत ठेवली, मूल दुसरीने वाढवले. "तिला कोणी गोळी दिली नाय." ती बाळंतीण कोण, हे मी विचारले नाही. दवाखान्याच्या दारात आम्हाला उतरवून गाडी वळली. तिचे नाव विचारायचे राहून गेले. नाव विचारणे हे माझ्या धंद्यातले पहिले काम आहे.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. विहिरीचे त्यांनी नीट विचारून घेतले आणि काही दिवस मला एकटीला ठेवायचे नाही असे सासूबाईंना सांगितले. मुलीला तपासले. वजन थोडे मागे होते, बाकी ती ठीक होती. सासूबाईंनी स्पष्टच विचारले की दुधातून जाईल ते पोरीला बाधेल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडंसं जातं, त्यावर आपण लक्ष ठेवू. पण आई अशी राहिली, तर त्याची झळ बाळाला जास्त लागते." गोळी पुन्हा सुरू झाली. बाहेरच्या बाकावर बसून मी मुलीला पाजले, आणि सासूबाई लोकांकडे पाठ करून माझ्यासमोर आडोशाला उभ्या राहिल्या.

त्या दिवशी काही बदलले नाही. बरे वाटायला आठवडे लागले, तेही पुढे-मागे होत. मुलगी आता धरून उभी राहते. मी अजून गोळी घेते, आणि लाज पूर्ण गेली असे लिहिणे खोटे होईल. शरण जाणे म्हणजे सगळे देवावर सोडून हात बांधून बसणे, असे मी समजत होते. मला वाटते, त्याआधी जे आहे ते त्याच्यासमोर आहे तसे ठेवावे लागते, आणि पुष्कळदा ते माणसांच्या देखत ठेवावे लागते. मग देव ते कोणाच्या हाती उचलून देईल, हे आपण ठरवत नाही.

देवीपुढे उभी राहिले की मुलीसाठी मागून होते, सासूबाईंसाठी मागून होते. त्यानंतर मी नाट्याच्या त्या बाईचे गाऱ्हाणे घालते. ती नंतर कौल लावायला पुन्हा आली नाही, असे गुरव सांगतो. तिचा प्रश्न काय होता ते मला माहीत नाही. जो काही असेल, त्याला उजवी कळी पडो, एवढेच म्हणते.