देव पाण्यात होते तेव्हा

आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघत बसायला नको. आमच्या चुलत्यांचं काहीही वाईट झालं नाही. घर जळलं नाही, हातपाय झडले नाहीत, वंश बुडाला नाही. चांगले म्हातारे झाले आणि एक दिवस दुपारचं जेवून नातवंडांच्या गराड्यात आडवे झाले ते उठलेच नाहीत. असलं मरण मागून मिळत नाही. आणि माणूस कसला म्हणाल, तर देवाच्या दारात धडधडीत खोटं बोललेला.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस नावाला, बाकी मेंढरं आणि फुफाटा. पण आमच्या पणजोबांनी खोदलेली एक विहीर होती आणि तिचं पाणी दोन घरांत वाटून दिलेलं होतं. चार दिवस आमची पाळी, चार दिवस चुलत्यांची. हे चुलते म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ, वयानं थोरले. वडील फौजेत होते तेव्हा आमच्या पाळीचं पाणीही तेच घ्यायचे. कुणाची हरकत नव्हती. वडील पेन्शनीत घरी आले, बागायत करू म्हणाले आणि आपली पाळी मागायला गेले, तर चुलते म्हणतात, "कसली पाळी? तुझ्या बानं ती मला कवाच दिलीया."

खंडोबाच्या देवळात पंच बसले. कागद कुणाकडेच नव्हता. आमच्याकडे अशा वेळी भंडारा उचलतात. देवापुढची हळद मुठीत घ्यायची आणि काय ते बोलायचं. त्यापुढे मग कोर्ट नाही आणि कचेरी नाही. चुलत्यांनी मूठ भरून घेतली, "पाळी माझी हाय," म्हणाले आणि बोटभर हळद कपाळाला लावून मोकळे झाले. हातसुद्धा कापला नाही मेल्याचा! पंचांनी वडिलांना विचारलं, "तू उचलतोस का?"

"एकानं उचलला, बास झालं," वडील म्हणाले. "बोलवल तवा साक्षीला यायला द्येव काय गावचा कोतवाल हाय व्हय?" टोपी झटकली आणि घरी निघाले.

आई बायकांत बसून सगळं ऐकत होती. वाटेनं ती तरातरा चालत होती. मी तिचा पदर धरून जवळजवळ पळत होते. घरात आली ती थेट देव्हाऱ्याशी गेली. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले खंडोबाचे, बिरोबाचे, भवानीचे टाक तिनं एकेक करून उचलले, पितळेच्या पातेल्यात ठेवले आणि वर कळशी रिकामी केली. ओतता ओतता देवाला सुनावलं, "बसा आता हितंच. त्याचं वाटोळं हुईस्तवर भाईर काढायची न्हाई म्या." त्या दिवसापासून तिनं चुलत्यांना नातं लावणं सोडलं. ते नुसतं 'त्यो' झाले.

देव पाण्यात घालून बसलेल्या बायका गावात आणखीही होत्या. कुणी पोर व्हावं म्हणून, कुणी मुंबईला गेलेला नवरा परत यावा म्हणून. दुसऱ्याच्या वाटोळ्यासाठी बसलेली मात्र आमची आईच. वडील म्हणाले, "आगं, पडसं हुईल की देवाला."

"हू द्या. मला न्याव पायजे."

आणि झालं काय? पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. साऱ्या गावाच्या विहिरी आटल्या, ही आटली नाही. चुलत्यांनी कांदा केला, त्याला सोन्याचा भाव आला. नवं इंजिन आणून विहिरीवर बसवलं. थोरला मुलगा विट्याच्या एका गलाईवाल्याबरोबर सोनं गाळायच्या धंद्यात मद्रासला गेला आणि बोटात अंगठी घालून परत आला. म्हैस व्यायली तर तिलाही रेडीच झाली! आमचं रान समोर भेगाळून पडलेलं आणि मधे एवढासा बांध. बघवत नसे, खरंच सांगते.

आई रोज पातेल्यातलं पाणी बदलायची. तेसुद्धा त्या विहिरीचं नाही, गावाच्या पलीकडून डोक्यावर आणलेलं. वडील म्हणायचे, "आगं, घे की हितलं. निम्मं आपलंच हाय." ती ऐकायची नाही. येताजाता बांधावर उभी राहून पलीकडचं रान निरखायची आणि जेवायला बसलं की खबर द्यायची, "त्याच्या कांद्याला करपा पडलाय म्हनं." दुसऱ्या दिवशी पडलेल्या तोंडानं, "न्हाई पडला." त्यांच्या घरात कुणाला खोकला झाला, कुणाची सून रुसून गेली, सगळं तिला माहीत. आमच्या घरात काय चाललंय ते मात्र तिला कळेनासं झालं. भाकरी तव्यावर करपायची आणि ही दाराकडे बघत असायची. पूर्वी माझी वेणी घालताना तिच्या तोंडानं ओवी चालायची, ती बंद झाली. वेणी ओढून घालायची, डोळ्यांत पाणी यायचं माझ्या. मला माझी आई परत पाहिजे होती, आणि ती पातेल्याजवळ बसलेली असायची.

वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पोट दुखायचं, पण बोलत नसत. फौजी माणूस. एक दिवस कामावरच वाकडे झाले. गड्यांनी बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, एसटीत झोपवलं आणि विट्यावरून आम्ही मिरजेला गेलो. दवाखान्याचं एवढं मोठं आवार मी पहिल्यांदाच बघितलं. डॉक्टर म्हणाले, आतडं गुंतलंय, सकाळी ऑपरेशन. माणूस अशक्त आहे, आम्ही करायचं ते करतो, तुम्ही देवाचं नाव घ्या.

हे ऐकलं आणि आईचा चेहराच उतरला. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरली. ती वडिलांच्या खाटेशी गेली आणि म्हणाली, "मी घरला जाऊन येते."

"आत्ता? कशाला?"

"देव पाण्यात हायती आवं! मी त्यांला त्या कामाला लावून ठेवलंय. आता तुमच्यासाठी कुणाला सांगू? कुठल्या तोंडानं सांगू?"

मला हसू नाही आलं. आजही येत नाही. दार बंद, देव पातेल्यात, आणि इथं नवरा मरणाच्या दारात. एवढ्या दिवसांत त्या माणसाचं वाटोळं मागून मागून तिला दुसरं काही मागायची वाटच उरली नव्हती. घरी जायला एसटीनं अख्खा दिवस लागायचा, ते तिलाही माहीत होतं.

वडिलांनी तिचा हात धरला. आमच्याकडे नवरा-बायको चारचौघांत हात धरत नसत, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. वडील म्हणाले, "तू कुठं जाऊ नगंस. बस हितं." मग थांबून थांबून, दम घेत बोलले, "आमच्या छावणीत रातचा पहारा असायचा. एक जवान पहाऱ्यावर, बाकीच्यांनी झोपायचं. हुकूमच तसा. मी पैल्यांदा सरहद्दीवर गेलो तवा झोपायचोच न्हाई, सारखा उठून बघायचो. हवालदारानं लय शिव्या घातल्या. म्हनला, त्याच्यावर भरवसा न्हाई व्हय तुझा?"

"आन् पहारेकरीच झोपला तर?" आईनं विचारलं. तिचा आवाज भांडायचा होता, पण डोळे वाहत होते.

"मग तू जागून काय करणार? तुझ्याकडं बंदूक हाय का?"

ती रडता रडता हसली. वडील म्हणाले, "त्यानं पाणी नेलं, खरं हाय. मलाबी राग येतो. न्हाई येत असं न्हाई. पर त्यो ज्याच्या दारात खोटं बोलला त्याच्यावर सोडून मी झोपतो. तूबी झोप. लय दमलीयास तू." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले, कळ आली असावी.

आई बाहेर व्हरांड्यात आली. ऊन उतरलं होतं. रस्त्यापलीकडे सतार करणाऱ्याच्या दारात मोठेमोठे भोपळे वाळत ठेवलेले होते. ती त्यांच्याकडे बघत बसली, पण तिला ते दिसत नसावेत. मग पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि समोर कुणी बसल्यासारखी बोलायला लागली. येणारी जाणारी माणसं बघत होती, तिला पर्वा नव्हती.

"देवा, पाण्यातनं ऐकू येत आसंल तर ऐक. मी तुला कोंडून ठेवलं, चुकलं माझं. त्याचं तुझं तू बघ. बघ, न्हाईतर बघू नगंस. मी आता इचारणार न्हाई. माझा माणूस तुझ्या हवाली हाय. दिलास तर घेऊन जाईन. न्हाई दिलास..." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "न्हाई दिलास तरी तूच हायस. दुसरं कोण हाय मला?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला, हलक्या हातानं. आणि सांगून खरं वाटणार नाही, ती भिंतीला टेकली आणि तशीच झोपली. उद्या ऑपरेशन असताना! तोंड किंचित उघडं, हात माझ्या डोक्यावर तसाच. मी हललेसुद्धा नाही. हात निघेल म्हणून.

ऑपरेशन नीट झालं, वडील वाचले. लोक म्हणतात, नवरा वाचला म्हणून बाई निवळली. मी भांडते त्यांच्याशी. अहो, ती आदल्या संध्याकाळीच झोपली होती. तेव्हा काही कळलेलं नव्हतं.

वडिलांना हिंडता यायला लागेपर्यंत आम्ही मिरजेत राहिलो. आवारात तीन दगडांवर भात शिजवायचा, कुणाकुणाच्या पेशंटची चौकशी करायची. आई तिथं सगळ्यांची मावशी झाली. सतारवाल्याला जाऊन विचारून आली की एवढे भोपळे भाजीला का घालत नाही म्हणून! तो बिचारा तिला तार छेडून दाखवत बसला.

घरी आलो, कुलूप काढलं. आत भट्टीसारखं तापलं होतं. वडिलांना बाजेवर बसवलं आणि आई पातेल्याजवळ गेली. पाणी पार आटून गेलेलं. तळाला खाऱ्या पाण्याचा पांढरा थर आणि त्याच्यावर देव कोरडे ठाक, एकमेकांवर कलंडलेले. मी धावत कळशी आणली. एवढ्या दिवसांची सवय, दुसरं काय!

"ती कशाला?" आई म्हणाली. तिनं चिंच भिजत घातली, फतकल मारून बसली आणि एकेक टाक घासायला लागली. घासताना हळू आवाजात ओवी म्हणत होती. विहिरीकडून इंजिनाचा आवाज येत होता, धक धक धक. मला तो सहन होईना. मी पाय आपटत म्हटलं, "आगं आई, देव भाईर काढलंस. मग त्याचं काय?"

आईनं मान वर केली. हातात खंडोबाचा टाक, कोपरापर्यंत चिंचेचा कोळ.

"कुणाचं?" तिनं विचारलं.

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. ती सोंग करत नव्हती. तिला खरंच उमजलं नव्हतं. बाजेवर वडील पोट धरून हसायला लागले, "आगं, हसवू नगासा दोघी, टाकं उसवत्याल माझं!" आणि ते का हसतात हे न कळून ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत बसली.